अंगी लागलेले दहा मिलिग्रॅम

गोठ्यात दोन जनावरे शेजारी शेजारी बांधलेली असतात. वैरण तीच, आंबोण तेच, पाणीही त्याच हौदाचे. तरी एक तुकतुकीत दिसते आणि दुसऱ्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. ‘ह्याच्या खाल्लेलं अंगी लागत नाही,’ असे म्हणून आपल्याकडचा शेतकरी कामाला लागतो. त्याला दूध हवे असते किंवा औताला बैल हवा असतो. दोन-चार किलो वजन इकडे तिकडे झाल्याने त्याचे फारसे बिघडत नाही.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या शेतकऱ्याचे मात्र नेमके तिथेच बिघडते. तो जनावर वाढवतो ते मांसासाठी, आणि विकतो ते वजनावर. पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात वाढलेले खच्ची केलेले गोऱ्हे तो विकत घेतो, काही महिने मक्याचा खुराक देऊन पुष्ट करतो आणि खाटिकखान्याकडे पाठवतो. मक्याचे किती किलो घातल्यावर अंगावर किती किलो चढले, हाच त्याचा सगळा हिशेब. त्यामुळे खाल्लेले अंगी कसे लागेल, या प्रश्नावर तिथल्या कृषी महाविद्यालयांनी पिढ्यान्पिढ्या प्रयोग केले. त्यांतल्या एका प्रयोगाची आणि त्यातून निघालेल्या पंचवीस वर्षांच्या भांडणाची ही गोष्ट आहे. गोष्ट जनावरांच्या खुराकाची असली तरी तिच्या पोटात रसायनशास्त्रातला एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्यासाठीच ती शिक्षकांना सांगावीशी वाटते. तो प्रश्न असा : एखादा पदार्थ ‘नाही’ असे आपण कधी म्हणू शकतो?

गवतातले संप्रेरक

सुरुवात दूर ऑस्ट्रेलियात झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांनी कुरणांत क्लोव्हरची एक जात मोठ्या प्रमाणावर लावली होती. आपली शेंग स्वतःच जमिनीत पुरणारी ही वनस्पती. चारा भरघोस आला, मेंढ्या धष्टपुष्ट झाल्या, पण गाभण राहीनाशा झाल्या. बेनेट्स, अंडरवुड आणि शायर या तिघांनी १९४६ साली दाखवून दिले की दोष मेंढ्यांत नसून चाऱ्यात आहे. इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखे काम करणारे पदार्थ त्या क्लोव्हरमध्ये होते. वनस्पतीत मादीचे संप्रेरक, ही कल्पना त्या वेळी चमत्कारिक वाटली असेल. आज आपल्याला ठाऊक आहे की असे पदार्थ कडधान्याच्या कुळात बरेच आढळतात. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात त्या लसूणघासातही ते असतात.

आता अमेरिकेत येऊ. आयोवा राज्यातल्या एम्स या गावी आयोवा स्टेट कॉलेज आहे (१९५९ पासून ते विद्यापीठ झाले). तिथे १९५१ साली वाइज बरोज नावाचे संशोधक रुजू झाले. त्यांचा विषय कोटीपोट. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटाचा हा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे आंबवण्याची जिवंत टाकीच. यापूर्वी ओहायोत असताना त्यांनी कोटीपोटातले जंतू काचपात्रात वाढवून कोणत्या खाद्याने ते जोमाने काम करतात हे तपासले होते. एम्सला आल्यावर कोकरांवरच्या प्रयोगांत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. काही प्रकारच्या वाळल्या चाऱ्यावर कोकरे जितकी वाढत, तितकी त्या चाऱ्यातली प्रथिने आणि पिष्ट पाहता वाढायला नको होती. चाऱ्यात आणखी काहीतरी होते. क्लोव्हरची हकीकत एव्हाना सर्वांना माहीत झाली होती. हे ‘काहीतरी’ म्हणजे तेच इस्ट्रोजेन असेल काय?

पडताळून पाहायला सोपा मार्ग होता. इस्ट्रोजेनसारखे काम करणारा एक कृत्रिम पदार्थ बाजारात स्वस्तात मिळत होता. त्याचे नाव डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल. नाव लांबलचक आहे म्हणून त्याला डीईएस म्हणण्याची पद्धत आहे, आपणही तेच म्हणू. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी ऑक्सफर्डच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या गटाबरोबर तो १९३८ साली तयार केला. संशोधन सार्वजनिक पैशांतून झालेले, म्हणून त्यावर एकस्व घेतले नाही. जगातल्या कोणत्याही कारखान्याने तो करावा आणि विकावा. नैसर्गिक संप्रेरक तोंडाने दिले तर फारसे लागू पडत नाही, यकृत त्याचा निकाल लावते. डीईएस मात्र तोंडाने दिले तरी काम करत असे. गंमत पाहा, त्याच्या रेणूचा सांगाडा नैसर्गिक इस्ट्रोजेनपेक्षा अगदी वेगळा आहे, पण रेणूच्या दोन टोकांना असलेले हायड्रॉक्सिल गट जवळपास तेवढ्याच अंतरावर येतात. कुलपाला किल्लीचे दात कळतात, मूठ नव्हे.

खरे तर डीईएस जनावरांना देण्याची कल्पना बरोज यांची नव्हे. कोंबड्यांच्या मानेत त्याची गोळी बसवून त्यांना गुबगुबीत करण्याची रीत १९४७ पासून चालू होती, आणि पर्ड्यू विद्यापीठात गुरांच्या कातडीखाली गोळ्या बसवण्याचे प्रयोगही झाले होते. पण त्या प्रयोगांत गोऱ्ह्यांची शेपटीकडची बाजू वर उचलली जाई, कंबर खचे, आणि खरेदीदार नाक मुरडत. बरोज यांनी दोन गोष्टी बदलल्या. गोळीऐवजी डीईएस खुराकात मिसळले, आणि मात्रा अतिशय कमी ठेवली. दिवसाला एका जनावरामागे सुमारे दहा मिलिग्रॅम.

दहा मिलिग्रॅम म्हणजे किती, हे मुलांना सांगायचे तर असे सांगावे. जनावराचा दिवसाचा खुराक दहा किलो धरला तर दहा लाखांत एक भाग. मिठाच्या चिमटीचा छोटासा अंश दहा किलो मक्याच्या भरड्यात सारखा कालवायचा. हे एका दमात होत नाही. आधी थोड्या पेंडीत, ती पेंड आणखी पेंडीत, असे टप्प्याटप्प्याने करावे लागते. कारखाने सोयाबीनच्या पेंडीत कालवलेले तयार पूरक खाद्यच विकू लागले ते यासाठी.

निकाल चांगले आले. फेब्रुवारी १९५४ मध्ये एम्सला भरलेल्या पशुपालकांच्या मेळाव्यात ते जाहीर झाले आणि जुलैमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. व्यवहारात पुढे जो अनुभव आला त्यानुसार वजनवाढ साधारण १० ते १५ टक्के जास्त होई आणि तेवढ्याच वाढीसाठी खुराक दहा टक्क्यांच्या आसपास कमी लागे. १९५४ संपण्यापूर्वीच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली. एली लिली या औषध कंपनीने कॉलेजकडून हक्क घेऊन ‘स्टिलबोसॉल’ या नावाने ते विकायला काढले. मूळ रेणू सर्वांसाठी मोकळा ठेवलेला, पण तो गुरांना खाऊ घालण्याच्या युक्तीवर एकस्व. कॉलेजला त्याची रक्कम बरीच वर्षे मिळत राहिली.

मांसाचे काय झाले?

वजन वाढले खरे, पण वाढले ते काय? पाणी, चरबी की स्नायू? खाणाऱ्याच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा.

गोऱ्हा खच्ची केला की तो शांत होतो, पण पुरुषी संप्रेरक बंद झाल्याने त्याची वाढ स्नायूंकडून चरबीकडे वळते. डीईएस दिले की पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक जास्त स्रवते, आणि त्याच्या प्रभावाखाली यकृतातून व स्नायूंतून स्नायूवर्धक घटक बाहेर पडतात. एक किलो चरबी साठवायला एक किलो स्नायूपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खर्ची पडते, कारण स्नायूचा पाऊण भाग पाणीच असतो. म्हणून त्याच मक्यात जास्त वजन भरते. म्हणजे फसवणूक काही नव्हती. मांसात प्रथिने तेवढीच राहत, चरबी थोडी कमी होई. मऊपणात आणि चवीत खाणाऱ्याला फारसा फरक जाणवत नसे.

फरक पडे तो एका ठिकाणी. अमेरिकेत गोमांसाची प्रतवारी सरकारी परीक्षक करतात आणि वरची प्रत मिळते ती स्नायूंच्या धाग्यांत चरबीची पांढरी नक्षी किती उमटली आहे यावरून. संगमरवरासारखी दिसते म्हणून त्या नक्षीला नावही तसेच पडले आहे. डीईएस खाल्लेल्या जनावरात ही नक्षी त्याच वजनाला थोडी विरळ असे. तीच प्रत हवी तर जनावर आणखी काही दिवस खुराकावर ठेवून जास्त वजनाला विकायचे. शेतकऱ्यांनी तो हिशेब पटकन जमवला. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या मांसाच्या गुरांपैकी साधारण तीन चतुर्थांश गुरांना डीईएस मिळत होते, आणि त्याच वर्षी मात्रा वीस मिलिग्रॅमपर्यंत वाढवायलाही परवानगी मिळाली.

रंग, मऊपणा, चव, रसाळपणा, प्रत. मांसाचा दर्जा मोजायच्या या साऱ्या कसोट्यांवर पदार्थ पास झाला होता. आता ज्या गोष्टीवरून भांडण पेटले ती यांपैकी कोणत्याच कसोटीत बसणारी नव्हती.

उंदीर आणि मिंक

डीईएस जन्मले त्याच वर्षी, १९३८ मध्ये, पॅरिसच्या लाकासान्य यांनी ते उंदरांना टोचले आणि नर उंदरांना स्तनांचा कर्करोग झाला. हे गुपित नव्हते, छापून आले होते. पण मात्रा मोठी होती, शिवाय नैसर्गिक इस्ट्रोजेननेही तसे होतेच, असे म्हणून बहुतेकांनी ते बाजूला ठेवले.

कोंबड्यांच्या बाबतीत गोळी मानेच्या वरच्या टोकाशी बसवत, म्हणजे डोके कापून टाकले की उरलेली गोळीही जाईल. युक्ती ठीक होती, पण डोकी जात कुठे? मिंक नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याची फरसाठी पैदास करणारे ती विकत घेत आणि मिंकांना घालत. मिंकांना पिल्ले होईनात, तेव्हा त्या पालकांनी ओरड केली. अन्नसाखळीचे याहून सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. १९५९ साली कोंबडीच्या कातडीखालच्या चरबीत आणि यकृतात डीईएस सापडले आणि कोंबड्यांसाठी ते बंद झाले.

गुरांसाठी मात्र चालू राहिले. कारण गुरांच्या मांसात ते सापडत नव्हते. शोधत कसे, ते मात्र पाहायला हवे. मांसाचा किंवा यकृताचा अर्क नुकत्या दूध सोडलेल्या उंदराच्या माद्यांना काही दिवस खाऊ घालायचा आणि मग त्यांच्या गर्भाशयांचे वजन करायचे. इस्ट्रोजेन असेल तर गर्भाशय फुगते. उंदीर हाच तराजू. या तराजूला अब्जात दोन भागांच्या आसपासचे प्रमाण ओळखता येत असे, त्याखालचे नाही.

याच काळात अमेरिकेत एक कायदा झाला होता. न्यूयॉर्कचे लोकप्रतिनिधी जेम्स डिलेनी यांच्या आग्रहाने १९५८ मध्ये अन्न कायद्यात एक कलम घातले गेले : माणसात किंवा प्राण्यात कर्करोग निर्माण करणारा कोणताही पदार्थ अन्नात मिसळता येणार नाही. किती, केव्हा, कसा, हा प्रश्नच नाही. मुळीच नाही. डीईएस या कलमात सरळ सापडते. पण ज्यांना १९५८ पूर्वीच परवानगी होती त्यांना हात लावला गेला नाही, नव्यांना मात्र नकार मिळू लागला. ही तफावत दूर करण्यासाठी १९६२ मध्ये एक पुरवणी जोडली गेली : जनावराच्या खाद्यात असा पदार्थ घालायला हरकत नाही, मात्र सरकारमान्य पद्धतीने तपासले असता खाण्याच्या भागात त्याचा अवशेष सापडता कामा नये.

वाक्य साधे दिसते. मी स्वतः विश्लेषणाच्या रसायनशास्त्रात काम करतो, आणि हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले होते. ‘अवशेष नसावा’ आणि ‘अवशेष सापडू नये’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले जनावराविषयी बोलते, दुसरे उपकरणाविषयी. कायद्याने शून्याची व्याख्या उपकरणाच्या हाती सोपवली, आणि उपकरणे तर दर वर्षी सुधारत होती. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये शोधलेला इलेक्ट्रॉन पकडणारा शोधक वायू-वर्णलेखनाला जोडला गेला आणि पूर्वी जे दिसत नव्हते ते दिसू लागले. कीटकनाशकांचे अवशेष सगळीकडे सापडू लागले ते याच उपकरणामुळे. उंदराच्या तराजूवर शून्य भरलेले यकृत नव्या तराजूवर शून्य राहील याची हमी कोण देणार?

वर्गात एक प्रयोग करून पाहा. शाईचा एक मिलिलिटर घ्या, त्यात नऊ मिलिलिटर पाणी घाला. त्यातला एक मिलिलिटर काढून पुन्हा नऊ मिलिलिटर पाण्यात. असे नऊ वेळा करा. नवव्या नळीत अब्जात एक भाग शाई आहे. रंग कितव्या नळीत दिसेनासा झाला ते मुलांना लिहायला सांगा. निरनिराळ्या मुलांची उत्तरे निरनिराळी येतील, आणि पांढरा कागद मागे धरला तर तीही बदलतील. मग विचारा, शाई कितव्या नळीत संपली?

बोस्टनमधल्या आठ मुली

आतापर्यंत हे भांडण कायद्याचे आणि यंत्रांचे होते. एप्रिल १९७१ मध्ये त्यात माणसे आली.

बोस्टनमध्ये काही वर्षांत आठ तरुण स्त्रियांना योनिमार्गाचा कर्करोग झालेला आढळला. त्यांतल्या सात जणींना तो एका विशिष्ट, दुर्मिळ प्रकारचा होता. इतक्या लहान वयात हा रोग जवळजवळ ऐकिवात नव्हता. काही तर पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. एका मुलीच्या आईने डॉक्टरांना विचारले, ही पोटात असताना मी एक गोळी घेतली होती, तिचा तर हा परिणाम नसेल? डॉक्टर आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. प्रत्येक रुग्णामागे चार, अशा बत्तीस निरोगी मुली त्यांनी तुलनेसाठी निवडल्या, त्याच रुग्णालयांत त्याच सुमारास जन्मलेल्या. मग सर्वांच्या मातांची चौकशी केली. आठ रुग्णांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. बत्तीस जणींपैकी एकीच्याही आईने घेतलेले नव्हते. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांनी हे आकडे फळ्यावर मांडावेत. इतक्या लहान नमुन्यातून इतका ठाम निष्कर्ष क्वचितच निघतो.

गर्भपात टळावा म्हणून हे औषध देत असत. त्याने गर्भपात टळत नाही, हे शिकागो विद्यापीठातल्या मोठ्या चाचणीने १९५३ मध्येच दाखवले होते. तरी ते १९७१ पर्यंत लिहून दिले जात होते. या भागाबद्दल शांतपणे लिहिणे मला अजून जमत नाही.

आता मात्रेचा विचार करू. गरोदरपणी द्यायच्या प्रचलित पद्धतीत सुरुवात दिवसाला पाच मिलिग्रॅमने होई आणि शेवटी ती १२५ मिलिग्रॅमपर्यंत जाई. दुसरीकडे, यकृतात अब्जात दोन भाग डीईएस आहे असे धरा. शंभर ग्रॅम यकृत खाल्ले तर पोटात ०.२ मायक्रोग्रॅम जाईल. १२५ मिलिग्रॅम म्हणजे १,२५,००० मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर सव्वासहा लाख पट. एका गोळीच्या दिवसाची बरोबरी करायला रोज यकृत खाऊन सतराशे वर्षे लागतील. पशुपालकांच्या बाजूने हाच हिशेब मांडला जाई आणि तो चुकीचा नव्हता.

पण दुसरी बाजूही हिशेबाचीच होती. गॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कर्करोगाकडे कल असलेल्या जातीच्या उंदरांना डीईएस खाद्यातून दिले होते. त्यांनी वापरलेली सर्वांत लहान मात्रा होती अब्जात सव्वासहा भाग, आणि त्या मात्रेलाही काही उंदरांत गाठी वाढल्या. म्हणजे उपकरणाला जेमतेम दिसणारे प्रमाण आणि उंदराला बाधणारे प्रमाण यांत फक्त तीन पटींचे अंतर. उंदीर तेच खाद्य दिवसभर खातो आणि माणूस यकृताची एक फोड खातो, हे मान्य. पण याखाली धोका नाही अशी रेषा कुठे मारायची हे कोणालाच सांगता येत नव्हते. दोन्ही पक्षांचे गणित बरोबर होते. गृहीतके वेगळी होती.

शिवाय आता यकृते खरोखरच शून्य भरेनाशी झाली होती. कत्तलीच्या ४८ तास आधी डीईएसचे खाद्य बंद करायचे असा नियम होता. तो किती पाळला जाई कोण जाणे. जानेवारी १९७२ मध्ये मुदत सात दिवस केली गेली. तरी तपासलेल्या यकृतांपैकी काहींत अवशेष सापडतच राहिले. यकृतातच का, तर शरीर डीईएसला शर्करेसारखा एक रेणू जोडून पित्तावाटे आतड्यात टाकते, तिथले जंतू तो जोड तोडतात आणि डीईएस पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे येते. येरझारा चालूच. ऑगस्ट १९७२ मध्ये खाद्यातल्या डीईएसवर बंदी जाहीर झाली. कातडीखालच्या गोळ्या मात्र राहिल्या.

त्या पुढच्या वर्षी गेल्या, तेही एका सुंदर प्रयोगामुळे. डीईएसच्या रेणूत किरणोत्सारी कार्बन-१४ बसवला आणि अशा गोळ्या जनावरांना लावल्या. आता डीईएस रसायनाने शोधायची गरज नव्हती, किरणोत्सार मोजला की झाले. गोळी बसवल्यानंतर १२० दिवसांनीही यकृतात खूण सापडली. प्रमाण उंदराच्या तराजूच्या कितीतरी खाली होते. पण ‘नाही’ असे म्हणता येत नव्हते. एप्रिल १९७३ मध्ये गोळ्याही बंद झाल्या.

गोष्ट इथे संपली नाही. कंपन्या न्यायालयात गेल्या. प्रशासनाने आमचे म्हणणे ऐकून घेतले नाही, सुनावणी दिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि न्यायालयाला ते पटले. १९७४ मध्ये बंदी उठली आणि डीईएस परत आले. पुढची पाच वर्षे सुनावण्यांत गेली. १९७९ मध्ये ते कायमचे गेले. पण १९८० मध्ये आढळले की बंदीनंतरही चार लाखांहून अधिक जनावरांना बेकायदा गोळ्या बसवल्या गेल्या होत्या. त्यासाठी कोणी तुरुंगात गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

या पंचवीस वर्षांत मांसातल्या अवशेषांमुळे अमक्याला कर्करोग झाला, असे एकदाही सिद्ध झाले नाही. ते सिद्ध होणे शक्यही नव्हते, कारण सगळा देशच ते मांस खात होता. न खाणाऱ्या बत्तीस जणी तुलनेसाठी आणायच्या कुठून?

डीईएस जाता जाता एक काम मात्र करून गेले. शून्य हा शब्द कायद्यात ठेवून भागत नाही, हे प्रशासनाला उमगले. उपकरण किती संवेदनशील हवे याचेच प्रमाण ठरवायचे प्रयत्न १९७३ पासून सुरू झाले, आणि १९७७ मध्ये मोजमाप पुढे आले ते असे : आयुष्यभर खाल्ल्यास दहा लाखांत एकाला कर्करोग होण्याइतका धोका ज्या प्रमाणात असेल, तेवढे प्रमाण उपकरणाला दिसले पाहिजे. त्याखाली काय आहे ते शोधायचे नाही. हा आकडा निसर्गातून आलेला नाही. माणसांनी बसून ठरवलेला आहे.

दोन किनारे

डीईएसची जागा रिकामी राहिली नाही. १९७५ मध्ये गुरांसाठी मोनेन्सिनला परवानगी मिळाली. हे संप्रेरक नव्हे. कोटीपोटातल्या काही जंतूंना आवरून ते आंबण्याची दिशा बदलते, मिथेन कमी होतो आणि जनावराला उपयोगी पडणारे प्रोपिऑनिक आम्ल वाढते. म्हणजे खाल्लेले अंगी लावण्याचे काम बरोज यांच्या मूळ विषयाकडे, कोटीपोटाकडे परतले. त्याच्या जोडीला कातडीखालच्या गोळ्याही राहिल्या, पण त्यांत आता नैसर्गिक इस्ट्राडायॉल किंवा डीईएसहून वेगळ्या जातीची कृत्रिम संप्रेरके असतात.

युरोपने निराळी वाट धरली. १९८० मध्ये इटलीत वासराच्या मांसापासून केलेल्या बाळांच्या खाद्यात डीईएस सापडले आणि गिऱ्हाइकांनी ते मांस घेणेच थांबवले. १९८१ मध्ये युरोपीय समुदायाने डीईएसच्या जातीचे सर्व पदार्थ जनावरांसाठी बंद केले. पुढे वाढीसाठी वापरायच्या सगळ्याच संप्रेरकांवर बंदी आली आणि १ जानेवारी १९८९ पासून तसे अमेरिकी मांस बंदरात घेईनासे झाले. अमेरिकेचा युक्तिवाद असा की इस्ट्राडायॉल तर प्रत्येक गाईच्या, प्रत्येक बैलाच्या अंगात असतेच. गोळी न लावलेल्या जनावराच्या मांसातही ते शून्य नसते. मग बंदी कशावर? जागतिक व्यापार संघटनेने १९९८ मध्ये निकाल दिला की युरोपची बंदी धोक्याच्या पुरेशा मूल्यमापनावर आधारलेली नाही. युरोपने बंदी उठवली नाही, अमेरिकेने बदल्यात युरोपच्या काही मालावर जादा जकात बसवली. शेवटी २००९ मध्ये तडजोड झाली. संप्रेरके न दिलेल्या जनावरांचे ठरावीक मांस युरोप जकातीशिवाय घेणार होता. त्या विक्रीसाठी अमेरिकेतले काही पशुपालक आता गोऱ्ह्यांचा एक वेगळा कळप राखतात, त्यांच्या कानांत वेगळे बिल्ले अडकवतात आणि त्यांच्या खाण्यापिण्याची वेगळी वही ठेवतात.